लँड रोव्हर : शेतासाठी जन्मलेल्या गाडीचे आलिशान रूप आणि मालकीची बदललेली किंमत

नवी दिल्ली : पुण्यातील कारखान्यात जुळणी होणाऱ्या ‘रेंज रोव्हर’ची शोरूममधील किंमत दोन कोटी रुपयांच्या वर आहे. त्याच वेळी पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेला लागून असलेल्या मानेभंज्यांग या गावात १९५०च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या आजही प्रवाशांना घेऊन डोंगर चढतात. दोन्ही वाहने एकाच घराण्यातील आहेत. पहिली विकत घेण्यासाठी मोठी संपत्ती लागते. दुसरीच्या आधारावर अनेक कुटुंबांची चूल पेटते.

या दोन टोकांमधील अंतर हाच लँड रोव्हरचा इतिहास आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेली आणि २००८ पासून भारतीय कंपनीच्या मालकीची असलेली ही नाममुद्रा गेल्या पाऊण शतकात शेतकऱ्याच्या अवजारापासून श्रीमंतीच्या प्रतीकापर्यंत पोहोचली. या प्रवासात गाडीची क्षमता वाढली, आराम वाढला आणि किंमत तर अनेक पटींनी वाढली. मात्र गाडी दुरुस्त करण्याची सत्ता मालकाच्या हातून हळूहळू निसटून कंपनीच्या संगणकाकडे गेली. आलिशान ‘ऑफ-रोड’ गाडीच्या मालकीचा अनुभव समजून घ्यायचा असेल, तर हा बदल प्रथम समजून घ्यावा लागतो.

पोलादाच्या टंचाईतून जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचे वाटप शासनाच्या नियंत्रणाखाली होते आणि निर्यात करून परकीय चलन मिळविणाऱ्या उद्योगांना त्यात प्राधान्य मिळे. मध्यमवर्गासाठी सुबक मोटारी बनविणाऱ्या ‘रोव्हर’ कंपनीपुढे कारखाना चालू कसा ठेवायचा, असा प्रश्न होता. कंपनीचे तांत्रिक प्रमुख मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती आणि तेथे ते अमेरिकी सैन्याची जुनी ‘विलीज जीप’ वापरत असत. ही जीप निकामी झाल्यावर काय घ्यायचे, या प्रश्नातूनच अशा प्रकारची गाडी आपणच बनवावी, ही कल्पना पुढे आली. मॉरिस यांचे बंधू स्पेन्सर विल्क्स हे कंपनीची धुरा सांभाळत होते.

१९४७ मध्ये जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना तयार झाला. ट्रॅक्टरप्रमाणे त्याचे सुकाणू मधोमध होते. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ‘लँड रोव्हर’ जगापुढे आली, तेव्हा तिची किंमत ४५० पाउंड होती. पोलाद दुर्मीळ असल्याने तिच्या बाह्यांगासाठी ‘बर्माब्राइट’ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरण्यात आला. रंग हिरवा होता, कारण लष्करी विमानांसाठी बनविलेला रंग मुबलक शिल्लक होता. पुढे ज्या गोष्टी या गाडीची ओळख ठरल्या, त्यांपैकी अनेक अशा नाइलाजातून आल्या होत्या.

दोन-तीन वर्षे कारखाना तगवून धरेल, एवढीच या गाडीकडून अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिच्या मागणीने रोव्हरच्या मोटारींना मागे टाकले. शेतकरी, सैन्य, वनखाते, मळेवाले, संशोधक आणि मदतसंस्था यांनी ती जगभर नेली. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुणांनी दोन लँड रोव्हर घेऊन लंडन ते सिंगापूर हा खुष्कीचा प्रवास केला. त्यांचा मार्ग भारतातूनही गेला होता. १९७६ मध्ये दहा लाखावी लँड रोव्हर कारखान्याबाहेर पडली.

या काळातील मालकीचा अनुभव साधा आणि खडतर होता. बसायला पातळ गाद्या, पाटा-स्प्रिंगमुळे बसणारे हादरे, पावसात ठिबकणारे छत आणि जड सुकाणू हे मालकाने गृहीतच धरलेले असे. बाह्यांग अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने ते गंजत नसे. पण खालचा सांगाडा पोलादाचा असल्याने तो ओलाव्यात गंजे. म्हणूनच जुनी लँड रोव्हर घेणारा जाणकार ग्राहक आजही रंगापेक्षा आधी सांगाडा तपासतो. या गाडीचे बहुतेक भाग नट-बोल्टने जोडलेले होते. पाने, पक्कड आणि थोडा संयम असला, तर ती रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येत असे.

चारही चाकांची शक्ती म्हणजे काय?

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोन चाकांना मिळते. चिखलात किंवा वाळूत ती दोन चाके घसरली, की गाडी अडकते. लँड रोव्हरसारख्या गाडीत ‘ट्रान्सफर बॉक्स’ ही यंत्रणा शक्ती पुढील आणि मागील अशा दोन्ही आसांकडे पोहोचविते. याच यंत्रणेत वेग कमी करून जोर वाढविणारे ‘लो रेंज’ गिअर असतात. त्यामुळे तीव्र चढावर गाडी धीम्या गतीने पण ठामपणे वर सरकते आणि उतारावर इंजिनच तिला आवरून धरते.

तरीही एक अडचण उरते. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्यासाठी ‘डिफरन्शियल’ ही दातेरी चक्रांची रचना असते. परंतु एखादे चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले, तर ते मोकळे फिरत राहते आणि जमिनीवरील चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. जुन्या काळी यावर उपाय चालकाच्या कौशल्यात किंवा डिफरन्शियल यांत्रिकरीत्या ‘लॉक’ करण्यात होता. आधुनिक गाड्यांत संवेदक घसरणारे चाक ओळखतात, संगणक त्या चाकाला ब्रेक लावतो आणि शक्ती दुसरीकडे वळवितो. २००४ मध्ये कंपनीने आणलेल्या ‘टेरेन रिस्पॉन्स’ प्रणालीत चालकाला केवळ वाळू, चिखल किंवा खडक असा भूभाग निवडावा लागतो. उरलेले काम गाडी करते.

हा बदल चालकासाठी वरदान ठरला. अननुभवी माणूसही अवघड वाट पार करू लागला. मात्र कौशल्य चालकाकडून यंत्राकडे गेले, तसे दुरुस्तीचे ज्ञानही गावातल्या मिस्त्रीकडून कंपनीच्या अधिकृत केंद्राकडे गेले.

रेंज रोव्हर : चिखलातून संग्रहालयापर्यंत

आलिशानतेकडे जाणारे पहिले ठोस पाऊल जून १९७० मध्ये पडले. अभियंते स्पेन किंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘रेंज रोव्हर’मध्ये साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना कायम मिळणारी शक्ती आणि पाट्यांऐवजी गुंडाळी-स्प्रिंग होते. शेतात चालणारी आणि महामार्गावरही वेगाने धावणारी अशी ही गाडी होती. आज आश्चर्य वाटेल, पण तिचा अंतर्भाग पाण्याने धुता यावा असा साधा ठेवलेला होता. तिची रचना इतकी नेटकी होती, की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात औद्योगिक आरेखनाचा नमुना म्हणून ती मांडण्यात आली.

१९७१-७२ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधील रस्ता नसलेला ‘डेरियन गॅप’ हा दलदलीचा प्रदेश पार करण्यास त्यांना सुमारे शंभर दिवस लागले. तेथे रुंद टायरांचा ताण पडून डिफरन्शियल तुटू लागले आणि कंपनीच्या अभियंत्याला मदतीसाठी विमानाने जावे लागले. १९८१ मध्ये रेंज रोव्हरने पॅरिस-डकार ही वाळवंटी शर्यतही जिंकली.

१९८१ मध्येच कारखान्यातून चार दरवाजांची रेंज रोव्हर आली आणि पुढे चामड्याच्या बैठका, लाकडी नक्षी, स्वयंचलित गिअर यांची भर पडत गेली. १९९०च्या दशकाच्या आरंभी हवेच्या दाबावर उंची कमी-जास्त करणारी ‘एअर सस्पेन्शन’ यंत्रणा आली. १९८९ मध्ये ‘डिस्कव्हरी’, १९९७ मध्ये ‘फ्रीलँडर’ अशी भावंडे जन्मली. मूळ लँड रोव्हरला इतरांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून १९९० मध्ये ‘डिफेंडर’ हे नाव मिळाले. २०१२ मधील रेंज रोव्हरचा संपूर्ण सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा झाला आणि वजन आधीच्या गाडीपेक्षा ४२० किलोपर्यंत घटले. १९४८ मध्ये टंचाईमुळे वापरलेला धातू आता प्रगत तंत्रज्ञानाची खूण म्हणून परतला होता.

एक नाममुद्रा, अनेक मालक

गाडी खंबीर होती. कंपनीचे घर मात्र सतत हलत राहिले. १९६७ मध्ये रोव्हर कंपनी लेलँड समूहात गेली आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश लेलँड’ या महाकाय समूहाचा भाग झाली. १९७५ मध्ये या समूहावर सरकारी मालकी आली. संप, तोटा आणि गुंतवणुकीचा अभाव यांत तो समूह अडकला असताना आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात जपानी ‘लँड क्रूझर’ने लँड रोव्हरची जागा घेण्यास सुरुवात केली. सुटे भाग मिळणे आणि गाडी न थांबणे या दोन गोष्टी दुर्गम भागातील ग्राहकाला नावापेक्षा महत्त्वाच्या वाटतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९८८ मध्ये ‘ब्रिटिश एअरोस्पेस’, १९९४ मध्ये जर्मनीची ‘बीएमडब्ल्यू’ आणि २००० मध्ये अमेरिकेची ‘फोर्ड’ असे मालक बदलले. फोर्डने लँड रोव्हरसाठी सुमारे २.७ अब्ज डॉलर मोजले होते. त्याआधी १९८९ मध्ये जग्वार सुमारे २.५ अब्ज डॉलरना घेतली होती. २ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने या दोन्ही नाममुद्रा मिळून २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या.

व्यवहार पूर्ण झाला आणि काही महिन्यांतच जागतिक वित्तीय संकट कोसळले. महागड्या गाड्यांची मागणी आटली. २००८-०९ या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सला सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला आणि रतन टाटा यांच्या निर्णयावर प्रश्नचिन्हे उमटली. त्यानंतर २०११ मध्ये आलेली ‘इव्होक’ आणि चीनमधील वाढती मागणी यांनी चित्र पालटले. २०२४-२५ मध्ये जेएलआरची उलाढाल २९ अब्ज पाउंडांवर पोहोचली आणि करपूर्व नफा अडीच अब्ज पाउंड होता. विक्रीत सुमारे दोन तृतीयांश वाटा रेंज रोव्हर, रेंज रोव्हर स्पोर्ट आणि डिफेंडर या तीन गाड्यांचा आहे. संख्येपेक्षा किमतीवर भर देण्याचे हे धोरण आहे.

याच धोरणातून २०२३ मध्ये कंपनीने रेंज रोव्हर, डिफेंडर, डिस्कव्हरी आणि जग्वार या चार स्वतंत्र नाममुद्रा पुढे आणल्या. मूळ ‘लँड रोव्हर’ हे नाव आता विश्वासचिन्ह म्हणून मागे उभे आहे. जुन्या डिफेंडरचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहल येथे थांबले. तोवर या घराण्यातील २० लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. २०१९ मध्ये सादर झालेली नवी डिफेंडर ही पूर्णतः वेगळ्या रचनेची, संगणकीय नियंत्रणांनी भरलेली गाडी असून ती स्लोव्हाकियातील नित्रा येथे बनते. जुन्या साधेपणाची ओढ मात्र कायम राहिली. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी याच ओढीवर विसंबून ‘ग्रेनेडियर’ ही नवी गाडी बाजारात आणली. जुन्या डिफेंडरच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळविण्याचा जेएलआरचा प्रयत्न २०२० मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयात अपयशी ठरला.

चावी मालकाकडे, किल्ली कोणाकडे?

आलिशान ऑफ-रोड गाडीची प्रशंसा आणि तक्रार यांचे मूळ एकच आहे. एअर सस्पेन्शन, अनेक संवेदक, स्पर्शपडदे आणि डझनावारी नियंत्रक संगणक यांमुळे प्रवास विलक्षण सुखाचा होतो. पण बिघडू शकणाऱ्या भागांची संख्याही वाढते. ‘जे. डी. पॉवर’ या संस्थेच्या २०२१ मधील अमेरिकी टिकाऊपणा पाहणीत दर शंभर गाड्यांमागे नोंदलेल्या तक्रारींची सरासरी १२१ होती. अव्वल ठरलेल्या लेक्ससच्या बाबतीत ती ८१, तर तळाशी राहिलेल्या लँड रोव्हरच्या बाबतीत २४४ होती.

ब्रिटनमध्ये वेगळेच संकट उभे राहिले. चावी न लावता उघडणाऱ्या गाड्यांचे संकेत यंत्राने पकडून चोर काही क्षणांत रेंज रोव्हर पळवू लागले. विमा कंपन्यांनी हप्ते वाढविले. काही मालकांना विमा मिळणेही कठीण झाले. जुन्या गाड्यांची सुरक्षा प्रणाली अद्ययावत करण्यासाठी जेएलआरने एक कोटी पाउंडांहून अधिक खर्च केला आणि २०२३ मध्ये स्वतःची विमा योजनाही आणली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे कंपनीचे उत्पादन सुमारे पाच आठवडे ठप्प झाले. त्याचा फटका कारखान्यांपुरता मर्यादित राहिला नाही. नव्या गाड्यांची नोंदणी आणि सुट्या भागांचा पुरवठाही विस्कळीत झाला. दूरच्या सर्व्हरवरील हल्ल्यामुळे आपल्या दारातील गाडीची दुरुस्ती लांबू शकते, हे ग्राहकांनी प्रथमच इतक्या स्पष्टपणे अनुभवले.

भारतातील हिशेब

भारतात पूर्णतः आयात केलेल्या महागड्या गाडीवर शंभर टक्क्यांहून अधिक आयातभार पडत आला आहे. सुटे भाग आणून येथे जुळणी केल्यास शुल्क बरेच कमी होते. पुण्यात २०११ मध्ये फ्रीलँडर-२ पासून ही जुळणी सुरू झाली. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणीही येथे होणार असल्याचे जाहीर झाले. रेंज रोव्हर ब्रिटनबाहेर जुळविली जाण्याची ५४ वर्षांतील ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे तिची प्रारंभीची किंमत सुमारे ३.३ कोटींवरून २.३६ कोटी रुपयांवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाल्यावर कंपनीने विविध गाड्यांच्या किमती ४.५ लाख ते ३०.४ लाख रुपयांनी कमी केल्या.

जुलै २०२५ मध्ये स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ठराविक संख्येच्या मर्यादेत ब्रिटिश मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. नवी डिफेंडर स्लोव्हाकियात बनत असल्याने तिला मात्र या कराराचा लाभ मिळत नाही. गाडीचे कूळ ब्रिटिश असले, तरी शुल्क ठरते ते उत्पादनाच्या ठिकाणावरून.

खरेदीनंतरचा खर्च जाहिरातीत दिसत नाही. विम्याचा हप्ता गाडीच्या मूल्यावर ठरतो, म्हणून तोही मोठा असतो. अधिकृत सेवा केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. लहान शहरातील मालकाला बिघडलेली गाडी दुसऱ्या गाडीवर लादून न्यावी लागू शकते. मोठ्या आकाराचे टायर, एअर सस्पेन्शनचे भाग आणि संगणकीय तपासणी यांचा खर्च हमीचा काळ संपल्यावर पूर्णपणे मालकावर येतो. वापरलेली रेंज रोव्हर आकर्षक किमतीत दिसते, त्यामागे हेच कारण असते. गाडीची किंमत घसरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत त्याच प्रमाणात घसरत नाही. अशी गाडी घेताना सेवेची पूर्ण नोंद, उरलेली हमी आणि घरापासून सेवा केंद्राचे अंतर या तीन गोष्टी रंग आणि बैठकांपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

दहा वर्षे आणि सत्तर वर्षे

दिल्ली राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवरील कारवाईला अंतरिम दिलासा दिला. तोवर अनेक महागड्या डिझेल गाड्या सुस्थितीत असूनही मातीमोल किमतीत परराज्यांत विकल्या गेल्या होत्या. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे. त्याचबरोबर कोट्यवधींच्या गाडीचे आयुष्य यंत्रापेक्षा नियमांनी ठरते, हेही खरे आहे.

मानेभंज्यांगमधील चित्र याच्या उलट आहे. ब्रिटिश चहामळेवाल्यांनी आणलेल्या गाड्या स्थानिकांच्या हाती आल्या आणि सांदकफूच्या ३१ किलोमीटरच्या खडतर वाटेवर प्रवासी व सामान वाहू लागल्या. ३,६३६ मीटर उंचीचे सांदकफू हे राज्यातील सर्वोच्च ठिकाण. कंपनीच्या सत्तराव्या वर्षी, २०१८ मध्ये, तेथील सुमारे चाळीस गाड्यांवर तिने चित्रफीतही काढली. यांतील अनेक गाड्यांचे मूळ इंजिन केव्हाच गेले. त्या जागी महिंद्राचे डिझेल इंजिन बसले आहे. ज्या विलीज जीपवरून लँड रोव्हरची कल्पना सुचली, त्याच जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुरू करून महिंद्राने वाहननिर्मितीत पाऊल ठेवले होते. नातेसंबंधांचे हे वर्तुळ कोणत्याही कंपनीने आखलेले नव्हते. ते गरजेपोटी, मिस्त्रीच्या हातून पूर्ण झाले.

आता त्या वाटेच्या बऱ्याच भागावर काँक्रीट पडले आहे आणि नव्या, आरामदायी गाड्या तेथे पोहोचू लागल्या आहेत. चालकांसाठी हा रोजीरोटीचा प्रश्न आहे. रस्ता सुधारला, की गावकऱ्यांची सोय होते आणि खडतर वाटेसाठीच ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गाडीची गरज मात्र कमी होते.

जेएलआर आता विजेवर चालणाऱ्या रेंज रोव्हरच्या तयारीत आहे. त्या गाडीत इंजिन नसेल आणि आवाजही जवळपास नसेल. सॉफ्टवेअरचा वाटा मात्र आणखी वाढेल. जुन्या लँड रोव्हरशी तिची तुलना वेगात किंवा आरामात होऊ शकत नाही. कस लागेल तो एकाच प्रश्नावर : तीस वर्षांनंतर, कंपनीपासून दूर असलेल्या एखाद्या गावात, ती दुरुस्त करणारा हात आणि त्यासाठी लागणारा भाग उपलब्ध असेल का? याचे उत्तर होकारार्थी ठेवण्याची जबाबदारी आज एका भारतीय मालकीच्या कंपनीवर आहे.